कमी झालेला धूर

“मग हा धूर कमी कसा झाला, बाई?”

बाई पडद्याकडे बघत होत्या.

ओजसनं पुन्हा विचारलं. या खेपेला आवाजाला जरा धार होती. त्याच्यासमोर दोन पडदे होते. एकावर गेल्या वर्षीचं चित्र, शेजारी आजचं. मेंदू तोच, दुर्वा चौगुले नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचा. गेल्या वर्षी मेंदूच्या डाव्या बाजूला, तळाशी, धुराचा दाट पुंजका होता. आज तो विरळ झाला होता.

“दिसतंय ना, बाई?”

“दिसतंय.”

“मग?”

“…”

उपळेकर बाईंचं हे गप्प बसणं सगळ्या विभागाला माहीत होतं. डॉ. कमलिनी उपळेकर निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी दर गुरुवारी त्या इस्पितळात यायच्या आणि लहान मुलांच्या मेंदूची चित्रं बघत बसायच्या. पगार नाही, हुद्दा नाही. चहा मात्र आल्याचाच लागे. शिकाऊ डॉक्टर त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येत आणि बहुतेक वेळा तोच प्रश्न घेऊन परत जात.

ओजस बिडकर त्या शिकाऊंतला सगळ्यात हुशार. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. सुवर्णपदक होतं, नजर तयार होती, केसाएवढ्या रक्तवाहिनीतली अडचण तो बोलता बोलता हुडकून काढायचा. बाईंच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून त्यानं मुंबईतली चांगली जागा सोडली होती, आणि तेही तो अधूनमधून लोकांच्या कानावर घालत असे.

आजार तसा विरळा होता. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या आतून बारीक होत जातात. एकदम नाही, वर्षानुवर्षं. मेंदू तहानलेला राहतो आणि जिथून मिळेल तिथून रक्त ओढायला बघतो. मग तळाशी अगदी बारीक वाहिन्यांचं जाळं माजतं. चित्रात ते विडीच्या धुरासारखं दिसतं. जपानी डॉक्टरांनी म्हणूनच त्याला मोयामोया म्हटलं, त्यांच्या भाषेत धुरासारखं, अंधुक, असं काहीतरी.

अशा मुलानं जोरजोरात श्वास घेतला की पंचाईत होते. उरल्यासुरल्या वाहिन्याही आकसतात. हात लुळा पडतो, जीभ जड होते. थोड्या वेळानं सगळं परत ठीक होतं. कधी कधी होत नाही. म्हणून अशा मुलानं गरम दूध फुंकायचं नाही, फुगा फुगवायचा नाही, आणि मुख्य म्हणजे हमसून हमसून रडायचं नाही.

तपासणीच्या खोलीबाहेर बाईंनी पूर्वीच एक पाटी लावून घेतली होती. ‘इथे मूल रडता कामा नये.’ नवे डॉक्टर ती वाचून गालात हसत. त्यांना वाटे, पाटी आयांसाठी आहे. ती डॉक्टरांसाठी होती.

आज त्या पाटीनंच घोटाळा केला होता, असं ओजसचं म्हणणं.

दुर्वा एमआरआयच्या बोगद्यात शहाण्यासारखी पडून राहिली होती. शेवटचा भाग तेवढा उरला होता. शिरेतून औषध सोडायचं आणि रक्त मेंदूत कुठं पोहोचतंय, कुठं नाही, ते बघायचं. नेमकी तेव्हाच हातातली सुई निसटली. दुसरी टोचायला घेतली तसा पोरीचा खालचा ओठ थरथरला. बाईंनी हात वर केला. तपासणी तिथंच थांबली.

“दोन मिनिटं रडली असती,” ओजस आता म्हणाला, “तर आत्ता आपल्यापाशी उत्तर असतं.”

“कशाचं?”

“धूर का कमी झाला त्याचं.”

“आणि त्या दोन मिनिटांत तिचा हात गेला असता तर?”

“गेलाच असता असं नाही, बाई.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “असंच काही नाही.”

त्याला वाटलं आपण जिंकलो. मग वाटलं, नाही. बाईंशी बोलताना असं नेहमीच व्हायचं आणि त्याचा त्याला राग यायचा.

खरी गोची मात्र वेगळीच होती. बाईंकडे येण्याआधी तो दुर्वाच्या आईशी बोलून आला होता.

उज्ज्वला चौगुले बाहेर बाकड्यावर बसली होती. नवरा दुधाच्या टेम्पोवर, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. गेल्या वर्षी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पोरीची शस्त्रक्रिया करा आणि पोरीला रडू देऊ नका. शस्त्रक्रियेला सासरी कुणी तयार होईना. डोकं उघडायचं म्हणजे काय खेळ आहे का, असं जो तो म्हणाला. राहिलं न रडवणं. ते एकटीला जमण्यासारखं होतं, म्हणून तिनं ते अंगावर घेतलं.

वर्षभर तिनं दुर्वाचा शब्द खाली पडू दिला नाही. मागेल ते दिलं. दूध स्वतः फुंकून निववून दिलं. वाढदिवसाला फुगे आणले नाहीत, शेजाऱ्यांनी आणले ते फुगवू दिले नाहीत. जत्रेत पोरीनं भिरभिरं मागितलं तर आईच ते हातात धरून वाऱ्याच्या तोंडाला पळत सुटली, म्हणजे पोरीला ते फुंकावं लागू नये. बायका हसल्या. लेकीला डोक्यावर बसवून ठेवलीय म्हणाल्या. उज्ज्वलानं ते ऐकून घेतलं. आणि पोरीसमोर ती स्वतःही कधी रडली नाही, कारण एकाचं बघून दुसऱ्याला रडू येतं.

ओजस बाहेर आला तेव्हा तिनं त्याला एवढंच विचारलं होतं, की धूर कमी झालाय का वाढलाय. तो चित्र नुकतंच बघून आला होता. कमी झालाय, तो म्हणाला.

तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग पिशवी आवरायला घेतली. संध्याकाळची एसटी मिळाली तर रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचता येईल म्हणाली. आणि मग एकदम लाजल्यासारखी हसली.

“आता मला तिला एकदा वरडायचंय, डॉक्टर.”

ओजसला कळलं नाही.

“वरडायचंय. घर डोक्यावर घेतलं तर पाठीत धपाटा घालायचाय. सगळ्या आया घालत्यात न्हवं… लई दिस झालं.”

तो हसला होता. तीही हसली होती. तिच्या हसण्यात किती दिवसांची ओढ साठली होती ते त्याला दिसलं होतं, आणि आपण ती पुरी केली याचं त्याला मनापासून बरं वाटलं होतं.

हे सगळं त्यानं बाईंना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

“तू खोटं नाही बोललास,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“धूर का कमी होतो, सांग.”

“दोन कारणांनी.” हे त्याला पाठच होतं. “कवटीबाहेरच्या वाहिन्या आपण होऊन मदतीला येतात. मेंदूला रक्त मिळायला लागतं, मग जाळ्याची गरज उरत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं. दुसरं?”

ओजसनं पडद्याकडे पाहिलं. डावीकडची मोठी वाहिनी गेल्या वर्षीपेक्षा बारीक झाली होती. ते त्यानं मोजलं होतं आणि मोजूनही त्यावर बोट ठेवलं नव्हतं.

“दुसरं म्हणजे मूळ वाहिनीच इतकी आटते, की जाळ्यालाही रक्त उरत नाही.”

“यातलं कुठलं?”

“शेवटचा भाग झाला असता तर सांगितलं असतं.”

“तो नाही झाला.”

“मग उद्या करू. पण त्या आज चालल्यात, बाई. घरी गेल्यावर पुन्हा कधी येतील? धूर कमी झालाय हे ऐकल्यावर कोण येतं?”

“कुणी सांगितलं त्यांना?”

त्यानं पडद्याकडे पाठ केली. मग हळूच म्हणाला, “मला ते पहिलं कारण खरं असायला हवंय.”

“मलाही,” बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. चित्रं बघायच्या त्या खोलीला एक खिडकी होती. उजेडात पडद्यावरचं नीट दिसत नाही म्हणून तिच्या काचांना काळा कागद लावलेला असे आणि ती कधी कुणी उघडत नसे. बाईंनी दोन्ही हातांनी कडी ओढली. गंजलेली होती, निघायला वेळ लागला. खिडकी उघडली आणि उन्हं सरळ आत आली. दोन्ही पडदे पांढरे झाले.

“बाई, चित्र दिसत नाहीये.”

“हो.”

खाली रस्त्यापलीकडे उसाचं रान होतं. कडेला ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या कोप्या, पाचट आणि ताडपत्रीच्या. संध्याकाळच्या चुली पेटल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक कोपीवर धूर होता.

“त्या शेवटच्या दोन कोप्यांवर धूर का नाही?” बाईंनी विचारलं.

ओजसला राग आला. एसटीची वेळ होत आली होती. तरी त्यानं पाहिलं. खरंच, टोकाच्या दोन कोप्यांवर धूर नव्हता.

“गॅस घेतला असेल.”

“असेल.”

“नाहीतर अजून रानातून आले नसतील. नाहीतर…” तो थांबला. “नाहीतर घरात शिजवायला काही नसेल.”

“यातलं कुठलं?”

“इथून कसं सांगणार, बाई?”

बाईंनी चष्मा पुसला, पायात चपला सरकवल्या आणि त्या खोलीबाहेर निघाल्या. खिडकी तशीच उघडी राहिली.

ओजसला वाटलं त्या कोप्यांकडेच निघाल्या. त्यांचा काही नेम नसे. पण त्या तपासणीच्या खोलीकडे वळल्या.

तिथं शेजारीच एक छोटी खोली होती. तपासणीआधी मुलांना रमवायला बाईंनी ती मागून घेतली होती. काचेचं दार, एक खाट, एक बुटकं स्टूल, थोडी खेळणी. दाराबाहेर बोळात बाकड्यावर उज्ज्वला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. काचेतून आई लेकीला आणि लेक आईला दिसत होती. आई हसली की लेक हसायची.

दुर्वा खाटेवर बसून बिस्कीट खात होती. उजव्या हातानं. ओजसनं ते मुद्दाम पाहून घेतलं. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते, आणि धूर डाव्या बाजूचाच कमी झाला होता. हात छान चालत होता. बोटं बिस्किटाचा बारीक चुरासुद्धा टिपत होती. त्यानं बाईंकडे पाहिलं. बघा, असं त्याला म्हणायचं होतं.

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या, पोरीकडे पाठ करून, आणि अंबाड्याचे आकडे काढायला लागल्या. पांढरे केस पाठीवर मोकळे झाले. इतके लांब असतील असं ओजसला कधी वाटलं नव्हतं.

“वेणी येते का गं घालायला?”

“येती की.”

“मग घाल बघू. मला मागं हात पोहोचत नाही आता.”

दुर्वानं बिस्कीट संपवलं, हात फ्रॉकला पुसले आणि ती खाटेवर गुडघ्यांवर उभी राहिली. केस बाईंच्या पाठीवर नीट पसरले. लई मऊ हायती म्हणाली. मग दोन्ही हातांनी तिनं तीन बटा केल्या.

ओजस दाराशी टेकून उभा होता. ही काही तपासणी नव्हे, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दुर्वानं दोन बटा डाव्या हाताच्या बोटांत धरल्या. तिसरी दातांत धरली. उजवा हात तिनं फ्रॉकच्या खिशात घातला.

आणि वेणी घालायला लागली.

बोटांतली एक बट दातांकडे, दातांतली बोटांकडे. मान थोडी वळवायची, पेड ओढायचा, परत मान सरळ. कुठंही अडखळत नव्हती. एका हातानं आणि दातांनी ती पोर सफाईनं वेणी घालत होती, आणि चांगला धडधाकट उजवा हात खिशात होता.

ओजस दारापासून सरळ झाला.

“अशी कुणी शिकवली?” बाईंनी विचारलं. मान वळवली नाही.

दातांत बट होती, म्हणून उत्तराला वेळ लागला.

“माझी मीच.”

“तो दुसरा हात का नाही घेत?”

“ह्यो मधनंच झोपतो. मग येणी सुटती.” पेड ओढला गेला. “म्हणून त्याला घ्यायचाच न्हाई.”

“आत्ता झोपलाय?”

“न्हाई. आत्ता जागा हाय.”

“रोज झोपतो का?”

“रोज न्हाई…” ती विचारात पडली. हात थांबला. “आता रोज.”

“बोलायला पण अडतं?”

“थोडं थोडं. तवा मी बोलतच न्हाई.”

“आईला ठाऊक आहे?”

दुर्वानं मान हलवली. बाईंना ती दिसली नसणार, पण केस हलले.

“खिशात ठेवला की कळत न्हाई,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. “तुमी सांगू नका हां, आजी. आईचं त्वांड कसंतरी हुतं. ती रडत न्हाई. पर रडल्यागत हुतं.”

तिनं काचेतून आईकडे पाहिलं आणि ती हसली. बाहेर उज्ज्वलाही हसली.

वर्षभर पोर रडली नाही हे खरंच होतं. आईनं लेकीला रडू दिलं नव्हतं आणि लेकीनं आईला. आणि या दोघींच्या मधे येऊन तो, सुवर्णपदकवाला, धूर कमी झालाय असं सांगून गेला होता.

बाईंनी दुर्वाला पाणी प्यायला सांगितलं. घाई नाही, घोट घोट. पोरीनं फुलपात्र उजव्या हातानं धरलं, ओठांना लावलं. चांगलं धरलं होतं.

“जा,” बाई ओजसला म्हणाल्या.

“मी?”

“…”

“बाई, तुम्ही सांगा ना. तुमचं त्या ऐकतील.”

“धूर कमी झालाय हे कुणी सांगितलं?”

तो गेला.

बोळात उज्ज्वला पिशवीचे बंद बांधत होती. तो शेजारी बसला. इतर वेळी तो उभ्यानंच बोलत असे. आधी त्यानं सांगितलं, की मी मघाशी जे सांगितलं ते खरं होतं आणि तरी चुकीचं होतं. तिला कळलं नाही. मग त्यानं सरळ सांगितलं. पोरीचा हात रोज लुळा पडतो, ती तो खिशात लपवते. धूर कमी झालाय तो बरं होतंय म्हणून नाही, आत रक्तच उरत नाहीये म्हणून. आज घरी जायचं नाही. शस्त्रक्रिया लवकर करायला हवी.

उज्ज्वलाचा चेहरा हलला नाही. ती काचेकडे बघत होती, आणि काचेपलीकडे लेक तिच्याकडे बघत होती. आईच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. वर्षभर ज्या हसण्याची सवय लावून घेतली होती तेच ते. ओजसला ते बघवेना.

“म्हंजे माझ्यामुळं काय झालं न्हाई,” ती तशीच हसऱ्या तोंडानं म्हणाली. “मी न रडवून काय उपेग झाला न्हाई.”

“झाला, ताई.” हे त्याला मनापासून म्हणायचं होतं. “तिचा हात झोपतो, पण परत उठतो. तुम्ही जपलंत म्हणून अजून उठतोय. आता पुढचं आम्हाला करू द्या.”

“डोकं उघडायचं.”

“थोडंसं.” त्यानं तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. रोज चटकन बोलणारा माणूस, आज शब्द शोधत होता. डोक्याच्या कातडीखालून एक वाहिनी जाते, तो म्हणाला. कानाजवळ बोट ठेवलं तर ठोका लागतो ना, तीच. ती मेंदूवर नुसती टेकवून ठेवतात. आतल्या वाहिनीला जोडत नाहीत. पुढचं मेंदू करतो. तो तहानलेला असतो, म्हणून तिच्यातून आपल्याकडे नवे फाटे ओढून घेतो.

“आपसूक?”

“आपसूक. मुलांच्यात तर फार छान होतं. तहान असते म्हणून होतं. पण महिने लागतात.”

तिनं कानाच्या वर बोट ठेवलं. स्वतःच्या. तिथला ठोका शोधत राहिली.

“आनि मग?” ती म्हणाली. “मग वरडता यील का, डॉक्टर?”

ओजसला हो म्हणायचं होतं. मघासारखं, पटकन, तिच्या ओंजळीत टाकावं तसं. शब्द तोंडापर्यंत आला आणि त्यानं तो गिळला.

“तिची नंतरची चित्रं बघू,” तो म्हणाला. “तिलाही बघू. मग सांगतो. आत्ता मला माहीत नाही.”

बाहेर एसटी स्टँडच्या बाजूला गाडीचा हॉर्न वाजला. उज्ज्वलानं पिशवीचे बंद सोडले. पुन्हा बांधले, पुन्हा सोडले. तोंड हसतच होतं. आता ही कोसळणार असं ओजसला वाटलं, पण ती कोसळत नव्हती. काचेपलीकडून लेक बघत होती ना.

त्यानं मान वर करून काचेतून बाईंकडे पाहिलं. काय करू, हे त्यानं विचारलं नाही, पण ते त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

बाईंनी आधी त्याला पाहिलं. मग उज्ज्वलाला पाहिलं, बराच वेळ.

मग त्या उठल्या. अर्धी वेणी पाठीवर तशीच होती. त्यांनी स्टूल उचललं, खाटेला वळसा घालून पलीकडे नेलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्यावर बसल्या. दुर्वाला बोलावलं. पोर खाटेवरून गुडघ्यांनीच सरकत त्यांच्या मागं गेली आणि बटा हातात घेतल्या.

आता काचेतून दोन पाठी तेवढ्या दिसत होत्या. एक म्हातारी, एक लहान.

उज्ज्वलाच्या तोंडावरचं हसू गेलं. कुणीतरी दोर सोडावा तसं एकदम गेलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती बाकड्यावर वाकली. आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती. वर्षभराचं होतं ते, एवढ्यात सरणारं नव्हतं. ओजस तिच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभा राहिला. हुशार माणसाला इतकंच सुचलं. दार किंचित उघडं होतं, ते बंद करावं म्हणून त्यानं हात लावला, आणि आतलं ऐकू आलं.

“झाली, आजी,” दुर्वा म्हणत होती. “ह्या बारीला दोनी हातांनी घातली. बघा, सुटली न्हाई. आईला दाखवू?”

ती वळायला लागली.

बाईंनी हात मागं नेला. वेणीच्या टोकाला दुर्वानं बांधलेली स्वतःची रिबीन ओढली, आणि बोटं घालून सगळी वेणी वरपर्यंत मोकळी करून टाकली.

“सैल झालीय गं,” त्या म्हणाल्या. “पुन्हा घाल. सावकाश घाल… मला कुठं जायचंय.”